चौदा वेढे

प्रिय बाबा,

दर महिन्याच्या पत्रात मी ‘तीर्थरूप बाबांस’ लिहिते, खाली तब्येत, हवापाणी, तुमच्या जावयांचा गुडघा एवढं उरकते आणि एका पानात आटोपते. आज ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि पेन अडलं, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. ते तरी कितपत खरं आहे, हे पत्र संपेपर्यंत माझं मला कळेल. आजचं पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा आधी घेऊन टाका. नंतर तो घशाखाली उतरेल की नाही, सांगता येत नाही.

आधी बातम्या. जावयांचा गुडघा बरा आहे. तक्रारी तेवढ्याच आहेत, फक्त आता त्या दुसऱ्या गुडघ्याच्या आहेत. माझ्या कचेरीत सध्या धुळीचं राज्य चाललंय. खात्याने जुनी सगळी पाण्याच्या पातळीची रजिस्टरं संगणकात घालायचं ठरवलंय. प्रत्येक तलावावरून फडक्यात बांधलेले गठ्ठे येतात, मी ते सोडते, पानं पुसते, आकडे मोठ्याने सांगते आणि समोरची मुलगी ते टाइप करते. निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली बाई म्हणून साहेबांनी मला हे बसून करायचं काम दिलं. बसून करायचीच कामं मी जन्मभर केली. ती का केली, तेही पुढे लिहिणार आहे.

पंपघरातले तुमचे जोडीदार तुम्हाला ‘फूटपट्टी’ म्हणायचे, ते तुम्हाला माहीत होतं का? ते मागून म्हणायचे, आई तोंडावर म्हणायची. तुम्ही पाव कापलात तरी सगळे तुकडे एका जाडीचे. दाराची कडी तुम्ही बसवलीत तर ती वर-खाली पट्टी लावून. पंपघरामागच्या त्या दोन खोल्यांत आपण राहायचो. मागचं दार उघडलं की अंगण, मग कुंपण, मग तलाव. अंगणात तुम्ही दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्यात, एकमेकींपासून बरोबर बारा फुटांवर. माझ्या वयाच्या मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या तेव्हा मी गळाचा तंगूसाचा दोरा त्या खुंट्यांभोवती फिरवायला शिकले. इकडून तिकडे एक, तिकडून इकडे दोन. असे चौदा वेढे झाले की दोरा रिळाच्या कडेच्या चापात अडकवायचा. मग गळ कितीही जोरात टाका, दोरा तेवढाच सुटणार आणि गळाला बांधलेलं शिसं दर वेळी तेवढ्याच अंतरावर पडणार. कारण तिथेच, काठाला समांतर, तळाशी खडीचा लांबलचक उंचवटा होता आणि मासे चरायला त्याच्यावर येत. त्याच्या अलीकडे नुसता चिखल. एक वेढा कमी पडला तर दिवसभर चिखलाला जेवू घालत बसा, असं तुम्ही म्हणायचात.

तुम्ही शिकवलेलं मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. समोरच्या काठावर एक खूण धरायची. झाडाचा शेंडा नाही, तो वाऱ्याने हलतो, बुंधा धरायचा. काठीच्या टोकापासून शिसं दर वेळी तेवढंच खाली लोंबतं ठेवायचं. काठी डोक्यावरून सरळ मागे न्यायची, अंगाच्या बाजूने नाही. जोर लावायचा नाही, सगळ्या फेकी एका लयीत टाकायच्या. दोरा संपत आला की काठी किंचित वर उचलून घ्यायची, म्हणजे चापाला झटका बसत नाही आणि शिसं धपकन न आदळता पाण्यावर बोट टेकवावं तसं टेकतं. मग मोजायचं. एक, दोन, तीन… आणि सातला ते खडीवर बसायचं. काठीतून हाताला ‘टक’ लागायचं. त्या एवढ्याशा ‘टक’साठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे. दर फेकीला शिशाला जोडलेल्या तारेच्या छोट्या पिंजऱ्यातून मूठभर आमिष त्याच जागी पडत जायचं. वीस फेकी एका जागी पडल्या की पाण्याखाली ताट वाढल्यासारखं होतं. वीस फेकी वीस जागी पडल्या तर नुसता केर होतो. ‘अंदाजे’ हा शब्द तुम्हाला शिवीसारखा लागायचा.

दादाला नेमका तोच शब्द प्रिय. त्याने दोरा कधी मोजला नाही आणि पाण्यात गळ टाकल्यावर कधी आकडे मोजले नाहीत; टाकला की शीळ घालत बसायचा. एकदा काठी मागे नेताना त्याचा गळ आईने वाळत घातलेल्या चादरीत अडकला आणि पठ्ठ्याने चादरीसकट पुढे फेकला. आई काठावर उभी राहून हसून हसून खाली बसली, आठवतं? पण त्याच्या दंडात जोर होता. चाप लावून दिला की त्याच्यासारख्याचा गळही आपोआप जागेवर थांबायचा. म्हणून त्याचा दोरा नेहमी तुम्ही मोजून द्यायचात. माझा मी मोजायचे. मला चापही लागत नसे. चौदा वेढे माझ्या खांद्याला पाठ होते. चाप काढून दहा फेकी टाकायला तुम्ही एकदा सांगितलं होतंत आणि दहाही खडीवर पडल्यावर काही न बोलता रिळाला तेल घालायला बसला होतात. त्या न बोलण्याला मी शाबासकी समजले होते. तशी ती होतीही, असं मला वाटतं. तिथपर्यंत सगळं खरंच होतं.

मग कारखान्याची ती स्पर्धा आली. मोठ्या साहेबांना गळाने मासे धरण्याचं वेड होतं, त्यांनी कारखान्याचा संघ काढला होता. त्या वर्षी फलकावर कागद लागला, की तलावावरच्या स्पर्धेत जो पहिला येईल त्याला संघात जागा आणि कारखान्यात कायमची नोकरी, मग तो बाई असो की पुरुष. दादा तेव्हा पंचवीसचा. दोनदा परीक्षा नापास, एका दुकानातून काढलेला, आणि वहिनीच्या वडिलांनी साफ सांगितलेलं, की आधी नोकरी, मग लग्नाचं बोलू. मी वीस वर्षांची. मला कारखान्याच्या तपासणी विभागात जायचं होतं, जिथे बनलेला प्रत्येक भाग मोजून पारखतात. त्या खोलीच्या काचेबाहेर उभी राहून मी आतल्या माणसांच्या हातातली मापकं बघत असे. कागद लागला त्या दिवशी तुम्ही जेवताना म्हणालात की दोघंही उतरा. माझे बाबा किती न्यायी, असं वाटून मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात माझा दोरा मोजला. चौदा. पुन्हा सगळा सोडून पुन्हा मोजला. चौदा. चापात अडकवला आणि रीळ पिशवीत ठेवलं. रात्री पाऊस झाला. सकाळी तुम्ही नेहमीसारखे आठ वाजता पंपघरात जाऊन आलात, मग आपण सगळे काठावर गेलो. जागांच्या चिठ्ठ्या उचलायला मी आणि दादा तंबूत गेलो, तेव्हा दोन्ही रिळं बाकावर तुमच्यापाशी होती. आई थर्मास घेऊन शेजारी बसली होती. रांगेत बरीच माणसं होती, आम्हाला परत यायला पाव तास लागला असेल.

स्पर्धेसाठी काठालगतच लाकडी फळ्यांची मचाणं बांधली होती. पहिला अर्धा तास शिकवणाऱ्याला मागे उभं राहायची मुभा होती. तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात, दादाच्या नाही. लोक म्हणाले, बघा, लेकीवर किती जीव आहे. मी खूण धरली, पहिली फेक टाकली. दोरा चापाला जाऊन थांबला, शिसं अलगद पाण्यात गेलं. मी मोजायला लागले. सातला काही लागलं नाही. आठला शिसं टेकलं, आणि टेकलं तेही मऊ, ‘टक’ नाही. दुसरी फेक तशीच, तिसरीही तशीच. मी तुम्हाला हळूच सांगितलं की आठ येतायत, खडी लागत नाही, दोरा सोडून बघू का. तुम्ही खाली वाकून माझ्या कानाशी बोललात. ते शब्द मी आजही तुमच्या आवाजात ऐकते. “पाणी चढलंय रात्रीत. वर गाळ बसलाय. दोऱ्याला हात लावू नकोस.”

पाणी खरंच चढलंय का, ते बघायला मी काठाकडे मान वळवूनही बघितलं नाही. तुम्ही सांगितल्यावर बघायचं काय? ज्या माणसाने मला आकडे शिकवले, तो म्हणत होता की आकडा बरोबर आहे, पाणीच बदललंय. मी पाच तास दोऱ्याला हात लावला नाही. एका जागी, अगदी एका जागी, एकशे दहा फेकी टाकल्या. तेवढी नेमकी फेक मी आयुष्यात कधी केली नव्हती. शेवटी वजन झालं तेव्हा माझे चार मासे होते, तेही बोटाएवढे. दादाचे एकवीस. माझ्यापासून सहा मचाणं पलीकडे तो शीळ घालत एकामागून एक बाहेर काढत होता आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हात हलवत होता.

संध्याकाळी घरी गर्दी होती. शेजारपाजारचे येऊन दादाच्या पाठीवर थापा मारत होते. मी मागच्या अंगणात बसले होते, तेव्हा तुम्ही आलात, माझं रीळ मागून घेतलंत आणि सगळा दोरा ओढून काढलात. दोरा खराब झाला होता म्हणालात, आणि तो कोपऱ्यातल्या कचऱ्यात पेटवून दिलात. मी मोजून बघणार होते, बाबा. खुंट्या चार पावलांवर होत्या. दोरा वितळताना मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्या हरण्याचं यांना किती लागलंय. त्यानंतर तुम्ही आत जाऊन लोकांना जे सांगितलंत तेही मला दारातून ऐकू आलं. हात तिचा चांगला आहे, पण ऐन वेळी घाबरली, मोजायला चुकली.

ते वाक्य मग घरात राहायलाच आलं. बारकीचं मोजणं ऐन वेळी चुकतं. माझ्या लग्नात पाहुण्यांची संख्या चुकली तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, मीही हसले. मला दिवस गेले होते तेव्हा तारखा मोजताना आत्या म्हणाली. तुम्ही कधी कुणाला अडवलं नाहीत. आणि हळूहळू मला ते ऐकू येईनासं झालं, कारण ते मीच म्हणायला लागले होते. मला या कचेरीत लागून चार वर्षं झाली तेव्हा साहेबांनी मोजणी पथकात जायचं विचारलं होतं. दुर्बीण, पट्टी घेऊन उन्हातान्हात फिरायचं, तलावांची खोली मापायची. मी नको म्हणाले. मोजण्याच्या कामात मी ऐन वेळी चुकते, असं चक्क सांगितलं. सहा वर्षांनी दुसऱ्या साहेबांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. मग कुणी विचारलं नाही. माझ्यानंतर लागलेल्या दोघी आज पथकाच्या प्रमुख आहेत. त्यांनी मोजून आणलेले आकडे मी तीस वर्षं सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. काठी मी त्या दिवसानंतर हातात धरली नाही. तलावाच्या कडेने बस जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायचे.

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात मी तिचे पाय चेपत होते. ती मधूनच म्हणाली, “तू मोजायला चुकली नव्हतीस गं.” मी विचारलं, केव्हा? तिने डोळे मिटून घेतले आणि पाणी मागितलं. मला वाटलं, औषधांची गुंगी आहे, किंवा जाता जाता लेकीचं मन राखतेय. आठ वर्षं मी ते वाक्य असंच, प्रेमाने दिलेल्या एखाद्या वस्तूसारखं ठेवून दिलं. तिला काय म्हणायचं होतं हे कळायला मला रजिस्टर उघडावं लागलं.

गेल्या महिन्यात आपल्या तलावाचा गठ्ठा आला. फडकं सोडलं आणि पहिल्याच पानावर तुमचं अक्षर. मला भरून आलं, खरं सांगते. तिरपा सात, डोक्यावर आडवी रेघ. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, अशी दोन वेळची पातळी, खाली तुमची सही. मी वर्षं उलटत गेले. समोरच्या मुलीला म्हणाले, हे माझ्या वडिलांचं अक्षर, बघ, एक खाडाखोड नाही. आणि मग त्या वर्षाचं, त्या महिन्याचं पान आलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळचा आकडा होता. त्याच्या खाली स्पर्धेच्या सकाळचा, आठ वाजताचा. पाणी चढलेलं नव्हतं. बोटभर उतरलं होतं. रात्रीचा पाऊस जेमतेम नोंद करण्याइतका, आणि शेजारी तुमच्या अक्षरात शेरा की कारखान्याला पाणी सोडायला पहाटे तलावाचं दार उघडलं. खाली सही तुमचीच.

मुलगी आकडा सांगा म्हणून थांबली होती. मी तिला आकडा सांगितला. पुढचा सांगितला. त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत आकडे सांगत होते, एकही चुकला नाही. घरी जाऊन बूट न काढता पलंगावर बसले, तेव्हा जावयांनी विचारलं, कोण गेलं?

आठ वाजता पट्टीवर पाणी उतरलेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, हाताने लिहिलंत आणि साडेनवाला माझ्या कानात पाणी चढलंय म्हणालात. पाणी चढलं नव्हतं, तर माझे आठ कुठून आले? शिसं खडीच्या अलीकडे चिखलात पडत होतं म्हणून. दोरा तेराच वेढे होता म्हणून. मी दोनदा मोजलेले चौदा बाकावर पाव तासात तेरा झाले, आणि आई थर्मास धरून ते बघत होती. दोऱ्याला हात लावू नकोस असं का म्हणालात, संध्याकाळी तो का जाळलात, सगळं एका पानावर येऊन बसलं. एका गोष्टीचं तर मला अजून नवल वाटतं. लेकीशी तुम्ही खोटं बोलू शकलात, पण रजिस्टरात खोटा आकडा लिहायला तुमचा हात धजला नाही.

तरी मला वाटलं, मी अन्याय तर करत नाही ना? कदाचित मी खरंच मोजायला चुकणारी बाई असेन. म्हणून मी काठी विकत घेतली. बाबा, तेहतीस वर्षांनी. रविवारी सकाळी जावयांना घेऊन इथल्या तलावावर गेले, बारा फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या, चौदा वेढे मोजले, समोरच्या काठावरचा एक बुंधा धरला. पहिल्या दोन फेकी वाकड्या गेल्या, खांदा कुरकुरला. मग शरीराला आठवायला लागलं. बारा फेकी टाकल्या, त्यातल्या अकरा एका जागी. मग चाप काढला आणि आणखी बारा टाकल्या. दहा. जावई कागदावर रेघा मारत होते. ते म्हणाले, मला वाटलं मासा दाखवशील, तू तर पाण्याला एकाच ठिकाणी टोचत बसलीस. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उघडायला घेतलेला डबा पुन्हा झाकून ठेवला. मी पंचवीस वर्षांची असताना पथकात गेले असते, तर आज कोण असते, याचा हिशोब मी करत नाही. करायला बसले तर उठता येणार नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. मुलगा होता, घर त्याच्यावर उभं राहायचं होतं, मुलगी उद्या दुसरीकडे जाणार होती. दादाचं लग्न मोडलं असतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही मला अंगणात बसवून सांगितलं असतंत की बारके, ही एक नोकरी दादाला जाऊ दे, तर मी दिली असती. किंवा दिली नसती, रडले असते, भांडले असते, आणि तुम्ही म्हणाला असतात की उतरूच नकोस. तेही चाललं असतं. नोकरी घेतलीत त्याचं मला एवढं काही वाटत नाही. माझा माझ्यावरचा विश्वास काढून घेतलात आणि वर तो माझ्याच चुकीच्या नावावर घातलात. स्पर्धा संपली त्या संध्याकाळी तुमचं काम झालं होतं. ‘मोजायला चुकली’ हे तरी म्हणायला नको होतंत. ‘नशीब नव्हतं’ म्हणाला असतात तर मी कुठल्या कुठे गेले असते.

दादाला यातलं काही माहीत नाही, याची मला खात्री आहे. त्याला लपवता येत नाही. त्या दिवशी तो मला मिठी मारून म्हणाला होता की खरं तर तू जिंकायला हवी होतीस, मला कसं जमलं तेच कळत नाही. गेली तेहतीस वर्षं तो भेटेल त्याला सांगतो, की बहीण माझ्यापेक्षा चांगली होती, पण त्या दिवशी पाणी माझ्या बाजूने होतं. आता तो निवृत्त होतोय. पुढच्या महिन्यात कारखान्यात समारंभ आहे, त्याचा मला फोन आला होता. म्हणाला, तू ये, आणि त्या स्पर्धेची गोष्ट तूच सांग, मला सांगता येत नाही. मी येते म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. त्याला वाटलं मला रडू आलंय, आणि तोच रडायला लागला.

हे सगळं पत्रातच का लिहिलं, ते आता सांगते. त्याच आठवड्यात वहिनीशीही बोलणं झालं. ती म्हणाली, बाबांना आता काही म्हणता काही वाचता येत नाही, भिंगाचाही उपयोग नाही. पण तुमचं पत्र आलं की तुमचे दादा ते आधी फोडतसुद्धा नाहीत. रविवारी सकाळी बाबांसमोर खुर्ची ओढतात, तिथेच फोडतात आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवतात. फोन ठेवला आणि मी कागद घेतला. मला तुमच्यासमोर येऊन बसता आलं असतं. तुम्ही ‘हं’ म्हणून भिंतीकडे तोंड केलं असतंत आणि गोष्ट तिथेच संपली असती. दादा, तू हे वाचतो आहेस. मधे कुठे थांबला असशील तर पाणी पी, आणि थांबलास तिथून पुन्हा वाच, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. तुझा यात काही दोष नाही, पण तुला जपायचं म्हणून मी आता आणखी गप्प बसणार नाही. आणि बाबा, हे तुम्हाला माझ्या तोंडून ऐकवायचं नव्हतं. ज्याच्यासाठी केलंत, त्याच्याच तोंडून ऐकवायचं होतं. यात माझा दुष्टपणा आहे, तो मला दिसतोय, आणि तरीही मी हे पाकीट बंद करते आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर जरूर कळवा. लिहून घ्यायला दादा समोरच बसलाय.

तुमचीच,
बारकी